शेवटचे तीन किलोमीटर

गुरुवारी संध्याकाळी आम्ही नऊ जणी झेलेझ्निकी गावाच्या पुलापाशी सायकली घेऊन जमायचो. सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. येर्नेयानं शाळेत तीस वर्षं मुलांना खेळ शिकवले होते. निवृत्त झाल्यावर तिला घरी बसवेना, म्हणून तिनं हा गट काढला. तिचा नियम एकच होता. दुसरीशी तुलना करायची नाही. कालपर्यंत आपल्याला जे जमत नव्हतं ते जमलं की येऊन सांगायचं. मग पुढच्या गुरुवारी फिरून आल्यावर खाणावळीच्या अंगणात अक्रोडाची पोतीत्सा, म्हणजे सारण गुंडाळून भाजलेला गोड पाव, यायची आणि जिनं काही केलं असेल तिनं ती कापायची.

दारिंका पहिल्यांदा बोगद्यातून न उतरता गेली तेव्हा पोतीत्सा झाली. फानीनं चालत्या सायकलवर एक हात सोडून नाक खाजवलं तेव्हासुद्धा झाली. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण फानी एकोणसाठाव्या वर्षी सायकल शिकली होती. नवरा, स्टाने, गेल्यावर दोन वर्षं ती कुणाशी धड बोलली नव्हती. त्या दिवशी तिनं सुरी हातात घेतली आणि म्हणाली, "नाकाला खाज सुटली होती, काय करणार?" आम्ही पोट धरधरून हसलो, आणि ती आमच्याहून जास्त.

मी बालवाडीच्या स्वयंपाकघरात काम करते. साठ मुलांचं सूप, बटाटे, शेवया. गटात मी पहिल्या दिवसापासून होते आणि माझ्या नावाची पोतीत्सा फक्त एकदा झाली होती, सलग वीस किलोमीटरची. त्यानंतर तीन वर्षं मी होते तिथेच राहिले. रस्ता वरच्या सोरीत्सा गावाकडे चढायला लागला की माझा गुडघा दुखायला लागायचा. खरं म्हणजे गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. मागे पडलेलं कुणी बघू नये म्हणून मी लाकडाच्या गिरणीपाशी बाकावर बसायचे आणि बाकीच्या परत आल्या की त्यांच्यात मिसळायचे. कुणी कधी वाकडा शब्द बोललं नाही. पण दर वेळी दुसऱ्या कुणाला तरी टाळ्या वाजवताना माझे हात जड व्हायला लागले होते.

जूनमधल्या एका रविवारी सकाळी मी कुणाला न सांगता एकटीच निघाले. गिरणी मागे टाकली. दोनदा उतरले, पाणी प्यायले, पुन्हा चढले आणि सोरीत्साच्या चर्चपर्यंत पोचले. तिथवर मी आयुष्यात सायकलवर गेले नव्हते. एवढंच येऊन सांगितलं असतं तरी पोतीत्सा झाली असती. पण मला तेवढ्यानं समाधान नव्हतं. मला वर खिंडीतच जायचं होतं, जिथं गटातल्या फक्त चौघी पोचल्या होत्या.

चर्चच्या वर रस्ता अंगावर येतो. खिंड तीन किलोमीटरवर राहिली असताना माझ्या पायांत गोळे आले. सायकल गवतात टाकून मी रस्त्याच्या कडेला बसले. तेवढ्यात तीने नावाचा गावातला ओळखीचा माणूस आपली छोटी गाडी घेऊन आला. तीने गिरणीत काम करतो आणि वर स्कीच्या केंद्रावर छपराच्या दुरुस्तीला फळ्या नेत होता. त्यानं गाडी थांबवली, माझी सायकल उचलून फळ्यांवर ठेवली आणि म्हणाला, "एवढं आलीस, आता वरचा वारा तरी खाऊन जा."

वर पोचल्यावर त्यानंच माझा फोटो काढला. मागे खिंडीची पाटी, हातात सायकल, चेहरा लाल. मी तो आमच्या फोनवरच्या गटावर पाठवला. खाली लिहायला घेतलं होतं, "शेवटी तीनेनं गाडीत घेतलं." त्याच्या आधीच येर्नेयाचं उत्तर आलं, की मिलोय्का, तुझा मला अभिमान वाटतो. मग दारिंकाचं आलं, मग सगळ्यांची. फानीनं लिहिलं, "मला रडू आलं गं." मी लिहिलेलं वाक्य मागून पुढपर्यंत खोडलं आणि फोन खिशात घातला.

उतार मात्र मी स्वतः उतरले. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येत होतं आणि मी स्वतःला समजावत होते, की मी खोटं काही बोललेलेच नाही.

खोटं बोलले ते गुरुवारी. पोतीत्सा येर्नेयानं स्वतः भाजली होती. तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, की तीन वर्षं बाकावर बसणाऱ्या बाईनं कुणाला न सांगता एकटीनं खिंड गाठली, आणि धीर याला म्हणतात. म्हणजे मी बाकावर का बसते ते तिला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. तेवढ्यात फानी पुढे सरकून विचारायला लागली, की शेवटचा तो भाग तू केलास कसा, आपल्या दोघींचे पाय तर सारखेच.

मी म्हणू शकले असते, नाही केला. त्याऐवजी माझ्या तोंडून निघालं, "वर बघितलंच नाही. फक्त पुढचं सूचिपर्णी झाड बघायचं. तिथपर्यंत जायचं. मग त्याच्या पुढचं."

हे मी तिथल्या तिथे रचलं. फानीनं मान हलवली आणि ते शब्द पुटपुटून पाहिले, जणू पाठ करून ठेवत होती. मी पोतीत्सा कापली. माझा तुकडा मी ताटलीत तसाच ठेवला, तर दारिंका म्हणाली की खिंडीत गेल्यापासून बाई नाजूक झाली.

ऑगस्टच्या शेवटी लागोपाठ दोन गुरुवार फानी आली नाही. तिसऱ्या आठवड्यात ती बालवाडीच्या मागच्या दाराशी आली. मी बटाटे सोलत होते. तिच्या हातात तिचे सायकलचे हातमोजे होते, पिवळे, जवळजवळ नवे. ते तिनं टेबलावर ठेवले आणि म्हणाली की तुझ्या मापाचे आहेत, वापर. सायकल ती भाचीला देणार होती.

काय झालं म्हणून विचारलं. ती शनिवारी एकटीच खिंडीकडे गेली होती. खूप वरपर्यंत गेली. मग एका वळणावर पाय टेकला आणि पुन्हा सायकलवर बसायची हिंमतच झाली नाही. तिथे बसून ती पोटभर रडली आणि सायकल हातात धरून चालत सोरीत्सापर्यंत खाली आली, कारण हातांत ब्रेक दाबायचं बळ उरलं नव्हतं.

"तुझं वय माझ्याएवढं," ती म्हणाली. "वजन माझ्याएवढं. तू गेलीस. म्हणजे पायांचा दोष नाही ना? माझ्या आतच काहीतरी कमी आहे. स्टाने गेला तेव्हाही माझी बहीण हेच म्हणायची."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. मी म्हणाले, "असं काही नसतं फानी, थोडी विश्रांती घे," आणि बटाटे सोलत राहिले. ती गेल्यावर हातमोजे कपाटात टाकले. पुढचे दोन दिवस ते कपाट मी उघडलं नाही. मीठसुद्धा दुसऱ्या डब्यातलं वापरलं.

मग मी जाऊन खरं सांगितलं. ते कशामुळे, तेही सांगायला हवं. मन खायला लागलं म्हणून गेले असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण घडलं ते असं: शुक्रवारी दुकानात पावाच्या रांगेत तीने भेटला आणि मोठ्यानं म्हणाला, "काय, पुन्हा कधी यायचं वर माझ्या गाडीतून?" आमच्या मागे दोघं-तिघं उभे होते. कुणाचं लक्ष नव्हतं. पण फानीचा दीर तीनेबरोबरच गिरणीत काम करतो, हे मला तेव्हा आठवलं. तिला ते त्याच्याकडून कळण्याआधी आपण सांगावं, म्हणून मी गेले. भीतीनं गेले.

फानी मागच्या वाफ्यात घेवड्याच्या शेंगा तोडत होती. मी कुंपणापाशी उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगितलं. गोळे, गाडी, फळ्या, फोटो, खोडलेलं वाक्य. ती शेंगा तोडायची थांबली नाही. मी थांबल्यावर तिनं विचारलं, "आणि झाडं?"

"कुठली?"

"पुढचं झाड बघायचं, तिथपर्यंत जायचं. तेही खोटं?"

"तेही," मी म्हणाले. "तू विचारलंस तेव्हा सुचलं."

तिनं हातातली शेंग टोपलीत टाकली. मग टोपली खाली ठेवून म्हणाली, "मी त्या झाडांच्या जोरावर गेले. आधी कधी चर्चच्या वर दोन वळणंसुद्धा गेले नव्हते. त्या दिवशी खिंड अर्ध्या किलोमीटरवर राहिली होती. मोजलंय मी. माझ्यासाठी ते केवढं होतं माहीत आहे? आणि मी घरी येऊन तोंड लपवून बसले. तुझ्यामुळे."

मी माफी मागितली. ती म्हणाली की माफीचं आत्ता काही विचारू नकोस, गुरुवारी सगळ्यांना सांग आणि माझे हातमोजे परत आण. आत ये, बस, असं ती म्हणाली नाही. मी घरी आले.

गुरुवारी पुलापाशी, कुणी सायकलवर बसायच्या आधी, मी सांगितलं. आवाज इतका बारीक निघत होता, की येर्नेयानं पुन्हा बोलायला लावलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्याहून कठीण गेलं. कुणी रागावलं नाही. दारिंका खाली बघून चेनशी खेळत राहिली. येर्नेया एवढंच म्हणाली, "चर्चपर्यंत स्वतः गेली होतीस ना? मग ते का नाही सांगितलंस गं?" कुणी चार शिव्या घातल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं.

मग मी पिवळे हातमोजे काढून फानीला दिले आणि ती कुठवर पोचली होती ते सांगितलं, कारण ती स्वतः सांगणार नव्हती. मग एकदम गलका झाला. सगळ्यांनी तिला घेरलं, अर्धा किलोमीटर, अगं बाई, आणि तू सांगितलं नाहीस. पुढच्या आठवड्यात तिची पोतीत्सा ठरली. मी करू का म्हणून विचारलं. फानी म्हणाली, "नको. दारिंका करेल." तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर काय करायचं ते मला कळलं असतं.

सप्टेंबरच्या मध्यावर फानी, येर्नेया आणि दारिंका खिंडीत जाऊन आल्या. मला विचारलं नव्हतं. मला फोटोवरूनच कळलं. फानी पाटीला टेकून उभी, पिवळे हात कमरेवर. खाली तिनं लिहिलं होतं, "दोनदा पाय टेकला. एकदा दारिंकानं चॉकलेट दिलं." मी अभिनंदन लिहिलं. उत्तरात अंगठ्याचं एक चित्र आलं.

त्या गुरुवारी जाऊ नये असं फार वाटत होतं. तरी गेले. खाणावळीच्या अंगणात फानीनं पोतीत्सा कापली आणि सगळ्यांना वाटली. माझ्यापर्यंत आली तेव्हा तिनं मला इतरांएवढाच तुकडा दिला, ना लहान ना मोठा, आणि पुढे गेली. तिच्या चढाईबद्दल दोन शब्द बोलायला मी तोंड उघडलं, पण कुणी माझ्याकडे पाहिलं नाही, म्हणून पुन्हा मिटलं.

आता ऑक्टोबर लागलाय. मी अजून खिंडीत गेलेले नाही. गिरणीपाशी मात्र बसत नाही. बाकीच्या पुढे जातात, मी मागून येते, चर्चच्या वर चौथ्या वळणापर्यंत. काल परत येताना दारिंका मला वाटेत भेटली आणि तिनं विचारलं, "पायांनी की गाडीनं?" महिन्याभरात त्यावर कुणी पहिल्यांदाच चेष्टा केली होती. मी म्हणाले पायांनी, आणि किती वेळा उतरले तेही सांगितलं. सहा वेळा. फानी तिच्या मागून येत होती. तिनं ते ऐकलं, की नाही ऐकलं, कळलं नाही. ती तशीच उतारानं खाली गेली.