घळीची खपली

मी एक जुनी खपली आहे. नाक मुरडू नका, बालमित्रांनो. कुणाच्या गुडघ्यावरची नव्हे, एका खोल घळीच्या माथ्यावरची. शेवाळ, दगडफूल आणि डोळ्यांना न दिसणारे जीव यांनी वाळूचे कण घट्ट धरून ठेवले आणि मी झाले. नखाएवढी व्हायलाच मला कितीतरी वर्षे लागली. रूपाने मी काळी, खडबडीत, जळून गेल्यासारखी.

घळीत ज्याची त्याची जागा ठरलेली आहे. तळाशी नदीकाठी उंच झाडे. त्यांना पाण्याची ददात नाही. कड्याच्या मधोमध एक पाझर आहे, तिथे नेचे लोंबतात. वर उन्हात काटेरी झुडपे आणि त्यांच्या पायाशी मी. वाळू धरून ठेवायची, एवढेच माझे काम. कौतुक मात्र नेच्यांचे. माणसे माझ्यावर उभी राहून त्यांचे फोटो काढायची. वाईट वाटायचे, खोटे कशाला बोलू?

इथला रखवालदार म्हाताऱ्या वडिलांबरोबर माथ्यावरच्याच एका खोलीत राहतो. एकदा मोठे साहेब येणार म्हणून सगळे चकाचक करायचा हुकूम आला. त्याला मी घाण वाटले. फावडे घेऊन तो मला खरवडू लागला. अर्धी मी गेले. वारा सुटला, तशी मोकळी वाळू कड्यावरून थेट पाझरावर पडू लागली. नेचे गाडले जाणार हे मला कळत होते, पण मला तोंड कुठे आहे?

वडील दारात बसून नडगीवरची खपली नखाने उकरत होते. मुलाने ते पाहिले.

"बाबा, खपली काढू नका हो. किती वेळा सांगायचं?"

"खाजतंय रे."

"खाजू द्या. खाली नवी कातडी येतेय ना?"

म्हाताऱ्याने उघड्या वाळूकडे बोट केले. "मग ती रे? ती का काढतोयस?"

मुलाने कड्याशी जाऊन खाली वाकून पाहिले. वाळूत बुडालेले नेचे दिसताच त्याने फावडे टाकून दिले. साहेबांची बोलणी त्याने खाल्ली, पण माझ्याभोवती दगड रचले आणि पाटी लावली: 'जखम भरते आहे. खपली काढू नये.' लोक ती वाचून हसतात आणि दोन पावले मागे सरतात. लहानपणी प्रत्येकाने हे ऐकलेले असते.

म्हाताऱ्याची नडगी केव्हाच बरी झाली. तो रोज काठी टेकत येतो नि मला विचारतो, "काय, भरतेय का?"

भरतेय. पण पूर्ण भरेल तेव्हा तो नसेल, त्याचा मुलगाही नसेल. मित्रांनो, तुम्ही तेव्हा त्याच्याएवढे म्हातारे झालेले असाल. काठी टेकत इथे या, दगडांच्या अलीकडे उभे राहा आणि त्याच्या वतीने मला तेवढे विचारा.