गॅलरीतला रेंगाळणारा पंखा

लेकीचं घामोळं चिघळलं होतं. "खोली थंड ठेवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "उद्यापर्यंत उतरलं नाही तर दवाखान्यात ठेवून घ्यावं लागेल." आणि आमचा एसी सकाळपासून जरा वेळ चालायचा नि मान टाकायचा.

मेकॅनिक आले तेव्हा मी तिला खांद्यावर घेऊन गॅलरीच्या दारात उभी होते. पाय भरून आले होते, पण बसलं की ती रडायची.

"गॅस कमी झाला असेल," पिशवी टेकवत ते म्हणाले.

"दादा, आधी बाहेरचा पंखा बघा ना. कालपर्यंत ऊन वाढलं की जोरात फिरायचा. आता एसी बंद पडेपर्यंत रेंगाळतच असतो."

"दिवसभर पंख्याकडेच बघता की काय?"

"हिला झोप नाही, मग मी दुसरं काय करू?"

त्यांनी पंख्याला थेट वीज दिली. तो भन्नाट सुटला.

"पंखा ठणठणीत. म्हणजे त्याचा वेग ठरवणारा डबा तरी गेलाय, नाहीतर सेन्सर. डबा असेल तर या आठवड्यात काही मिळायचा नाही."

मी लेकीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

तारा पुन्हा डब्याला जोडून ते सेन्सर शोधू लागले. तो तांब्याच्या नळीला चिकटलेला हवा. नळी तापली की पंखा वेग घेतो. सापडला तो सावलीतल्या जाळीला, दोऱ्याने सुबक गाठ मारून बांधलेला.

"गरम पाणी आहे?"

बाळासाठी थर्मासमध्ये होतं. मी ते वाटीत ओतून दिलं. त्यांनी त्यात सेन्सर बुडवला, तसा पंखा हळूहळू चढत घुमू लागला.

"डबा शाबूत आहे. बिचाऱ्याला वाटत होतं, सगळं गार आहे; म्हणून पंखा रेंगाळायचा नि मशीन तापून बंद पडायचं. पण हा बांधला कुणी?"

"मी," मागून सासूबाई म्हणाल्या. "बाळाला स्वच्छ हवा मिळावी म्हणून मशीन पुसलं. वायर लोंबत होती... माझं मेलीचं डोकं!"

जिभेवर पुष्कळ आलं होतं. पण भांडायलाही अंगात त्राण लागतं.

"आई, हिला घेता जरा? हात गळून गेलेत."

त्यांनी तिला घेतलं. सेन्सर नळीवर घट्ट बसवून मेकॅनिक गेले. मी भिंतीला टेकून फरशीवरच बसले. खोली निवत गेली. मध्येच पंखा मंदावला, तशी मी दचकून उठले.

"अगं बस," सासूबाई कुजबुजल्या, "नळी निवली असेल."

तरी मी लेकीच्या मानेला हात लावून पाहिला. कोरडी होती.