उशिरा येणारे चित्र

सात वर्षे मी लष्कराचे ड्रोन उडवले आणि त्या काळात माझे पाय जमिनीवरून सुटले नाहीत. बिनखिडकीची गार खोली, समोर पडदा. विमान दूर कुठल्याशा परक्या आकाशात. एका अंगणात कपडे वाळत घालणारी बाई मी महिनाभर पाहत होतो. मग एका दुपारी ते अंगण उरले नाही. त्या संध्याकाळी घरी जाताना दूध न्यायला मी विसरलो नाही, हीच गोष्ट मला आतून कुरतडत राहिली.

करार संपत आला होता. मुदतवाढ हवी की नको, हे साहेबांना आज कळवायचे होते. बाहेर पडून प्रवासी विमानांवर जावे, असे मनात होते. पण ते जमेल का, हे पाहायला सकाळी उड्डाणशाळेत निघालो.

"वैमानिकाची बायको म्हणून मिरवते मी," बायको दारात म्हणाली, "आणि तू जिना चढताना धापा टाकतोस. जा, एकदा खरंच वर जाऊन ये."

शिकवणाऱ्या कॅप्टनबाई पन्नाशीच्या, तोंडाने फटकळ. दोन आसनांच्या विमानात शेजारी बसत त्यांनी विचारले, "ड्रोनवरचे उड्डाणाचे तास किती?" मी आकडा सांगितला. "बापरे! पण इथे त्यातला एकही धरत नाहीत हं. पाटी कोरी."

उतरताना वाऱ्याने विमानाचे नाक खाली दाबले. मी दांडा किंचित मागे ओढला आणि सवयीने हात तसाच धरून थांबलो. तिथे हाताने केलेले पडद्यावर उमटायला थोडा वेळ लागतो. तो वेळ माझ्या मनगटात मुरला होता. इथे विमानाने केव्हाच ऐकले होते. नाक चढतच गेले, वेग पडला, धोक्याचा भोंगा किंचाळू लागला.

"सोडा!" त्यांनी दांडा ताब्यात घेतला. पुन्हा उंची गाठल्यावर म्हणाल्या, "कोणाची वाट बघत होतात?"

"चित्राची. तिथे ते उशिरा येतं."

"इथे चित्र नाही, महाराज. काच आहे आणि पलीकडे जमीन. घ्या, पुन्हा उतरवा."

या वेळी पोटात खड्डा पडला, आणि आपण खाली चाललो आहोत हे डोळ्यांआधी त्यानेच सांगितले. हात थांबला नाही. चाके आपटली, उसळली, टेकली. इतक्या वर्षांत आकाशाची कधी भीती वाटली नव्हती. आता वाटत होती.

"परवान्याला दोन वर्षं जातील," पट्टा सोडत कॅप्टनबाई म्हणाल्या. "वर्गातली पोरं काका म्हणतील. चालेल?"

मी मान डोलावली, खाली उतरलो आणि धावपट्टीच्या कडेला गवतात भडभडून ओकलो.

तेवढ्यात बायकोचा फोन. "कसं झालं?"

"उलटी झाली."

"अगं बाई! कितवा महिना?"

कितीतरी दिवसांनी मला हसू आले. ते ओसरले तसा सारा शीण एकदम अंगावर आला. "साहेबांना नको म्हणून सांगतोय," मी म्हणालो.

ती म्हणाली, "सांग."

मग साहेबांना फोन लावला. त्यांनी कारण विचारले. जुळवून ठेवलेली वाक्ये होती. ती मी बाजूला ठेवली.

"दमलोय, साहेब," मी म्हणालो, आणि तिथेच गवतात बसून राहिलो. खालची जमीन अजून हलत होती.