डुकरांची सुनावणी

अर्लीनने बादली थेट बेकेटच्या कागदांवर उपडी केली. टेबलभर ढेकळं पसरली. मुळं वर, गवताची पाती खाली.

"हे माझं खालचं कुरण," ती म्हणाली. "बाकीचंही डुकरांनी असंच उकरलंय. आणायला बादली पुरली नाही."

अग्निशमन केंद्रातला बंब बाहेर काढून आत खुर्च्या मांडल्या होत्या. शटर वरपर्यंत उघडं, खालच्या खोऱ्यातला गार वारा सरळ आत. सुनावणी नव्या नियमाची होती. सरकारी जंगलात रानडुकराची शिकार बंद. कुत्रे नाहीत, बंदूक नाही. डुकरं धरायची ती सरकारने, पिंजऱ्यात. वनखात्याच्या बेकेटने प्रत्येकाला ठरावीक वेळ दिला होता. वेळ संपला की घंटा, आणि घंटा झाली की वाक्य असेल तिथे

घंटा.

वेंडेल मॅब्रीने तंबाखूची पिंक कॉफीच्या पेल्यात टाकली आणि माईक हातात घेतला. त्याच्या आजाच्या काळी डुकरांच्या कानाला घराण्याची खूण कापून त्यांना रानात सोडून देत. थंडी पडली की कुत्रे घेऊन जायचं आणि आपापली ओळखून आणायची. कुत्रा आणि डुक्कर यांच्यात तेव्हा कुणी साहेब नव्हता, असं तो म्हणाला.

"बेकेटसाहेब, तुमचा पिंजरा मी दोन हिवाळे बघतोय. आत्तापर्यंत त्यात एक रॅकून सापडलाय आणि माझा मेव्हणा."

"मेव्हण्याला कशाला सोडवलंस?" मागून कुणीतरी म्हणालं.

बेकेटही हसला. मग त्याने शांतपणे सांगितलं की एक डुक्कर मारलं की उरलेला कळप तीन-तीन खोऱ्यांत पांगतो, शहाणा होतो आणि पिंजऱ्यात ठेवलेल्या मक्याला पुन्हा तोंड लावत नाही. धरायचा तर अख्खा कळप, नाहीतर काहीच नाही. जाता जाता त्याने एक विचारलं. जिथे डुकरं नव्हतीच, तिथे ट्रेलरमधून आणून कोण सोडतं? शिकार संपू नये म्हणून? कुणी कुणाकडे पाहिलं नाही. ते सगळ्यांना इतकं

घंटा.

कॉय सटर शेवटच्या रांगेत बसला होता. अर्लीनचा धाकटा भाऊ. शिकाऱ्यांच्या वतीने शेवटी त्यानेच बोलायचं ठरलं होतं, कारण त्याच्यासारखे कुत्रे कुणाकडे नव्हते. पण बहिणीच्या कुरणात सरकारी पिंजरा बसला, तेव्हा तोच घरोघर फिरला. कळपावर पिंजऱ्याचं दार पडेपर्यंत कुत्रे बांधा, एवढंच मागत. मॅब्रीने शिव्या दिल्या आणि बांधले. सगळ्यांनी बांधले. कुरण गेलं तर अर्लीनच्या गाई जातील, गाई गेल्या तर ती स्प्रिंगफील्डला मुलीकडे जाईल. मग खोऱ्यात सटर म्हणून कॉय एकटा.

ढेकळांच्या बाजूला बेकेटचा फोन उभा ठेवला होता. पिंजऱ्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्र त्यात दिसत होतं. आंबवलेल्या मक्यावर कळप दिवसाउजेडीच यायला लागला होता, आणि आजही आला होता. पिल्लं आत, तरण्या माद्या आत. थोरली मादी मात्र दारात उभी होती, पुढचे पाय आत आणि अंग बाहेर. पिंजऱ्याचं दार फोनवरूनच पडायचं. बेकेटने अंगठा त्याच्यापाशी नेला. सगळे पुढे झुकले. अर्लीन उभीच होती.

"ये गं बाई," मॅब्री पुटपुटला. तोसुद्धा.

तेवढ्यात खोऱ्यातून भुंकणं आलं.

एकच कुत्रा. लांब, घोगरा, शेवटी फाटत जाणारा गळा. सभेतल्या निम्म्या माना एकदम वळल्या आणि तितक्याच लवकर सरळ झाल्या. ही माणसं शेजाऱ्याचा चेहरा विसरतील, त्याच्या कुत्र्याचा गळा विसरायची नाहीत. मॅब्रीच्या ओठांवर हसू आलं. म्हातारीचा गळा अजून कसा आहे बघ, असं काहीतरी. ते त्याने गिळलं.

ज्यूल. कॉयची जुनी म्होरकी कुत्री. एक डोळा गेलेला, मागचे पाय धरलेले, ओसरीची पायरी चढायला तिला हात द्यावा लागे. म्होरकेपण संपलेल्या कुत्र्याला या भागात पुन्हा साखळी घालत नाहीत. तो अपमान समजतात. कॉयने सगळे कुत्रे बांधले होते आणि ज्यूल त्याच्या हिशेबातच नव्हती. मॅब्रीने विचारलं असतं तरी तो म्हणाला असता, सगळे बांधलेत. खरं बोलतोय असं समजून.

फोनमधला पिंजरा रिकामा होता. मका तसाच.

बेकेटने अंगठा हळूच मागे घेतला.

"कुणाचा कुत्रा आहे हा?"

भुंकणं आता एका जागेवरून येत होतं. तोकडं, भराभर. म्हणजे तिने थोरलीला अडवलं होतं. तीन-चार तगडे जोडीदार पाठीशी नसताना कुठलाच कुत्रा असं डुक्कर अडवत नाही. कॉयचे हात गुडघ्यांवर होते. गुडघे उठायला निघाले होते आणि हात त्यांना खाली दाबत होते.

"मी विचारतोय, कुणाचा?"

"इथला नाही वाटत," अर्लीन म्हणाली. "कड्यापलीकडचा असेल कुणाचा तरी."

ज्यूल पिल्लू असताना बाटलीने दूध पाजून तिला अर्लीननेच जगवलं होतं. हे बेकेट सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. मॅब्रीने टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

मग भुंकणं तुटलं. कमी होत गेलं नाही, तुटलं.

बेकेटने डोळे चोळले. कळप आता पुन्हा यायचा नाही, निदान या वर्षी नाही, हे त्याने अर्लीनला हलक्या आवाजात सांगितलं. तिने मान हलवली, जणू तो हवामान सांगत होता. मग त्याने यादीतलं शेवटचं नाव वाचलं.

कॉय माईकपाशी गेला. शिकाऱ्यांनी त्याच्या तोंडात काय काय घालून दिलं होतं: वाडवडिलांचा हक्क, कानांच्या खुणा, कुत्र्यांना आमच्याइतकं कोण ओळखतं. त्याने माईक तोंडापाशी ओढला.

"नियमाला आमची हरकत नाही," तो म्हणाला.

एरवी मॅब्रीने खुर्ची फेकली असती. कुणी हललं नाही. बेकेटने दोनदा विचारलं, नक्की ना? आणि लिहून घेतलं.

कॉय परत येताना अर्लीनने त्याचा दंड धरला. तिची बोटं अजून मातीची होती.

"जा आता," ती म्हणाली. "उजेड आहे तोवर सापडेल ती."