पार्वताबाईचं अर्धं वाक्य

दुपारची चर्चा लागली की गोंदियालगतच्या कुडव्यातल्या आपल्या फोटो स्टुडिओत अल्का टीव्हीचा आवाज वाढवायची. पासपोर्टचा फोटो काढायला आलेल्या माणसालाही सांगायची, "हे आमचे हेमेंद्रभाऊ. आम्ही संगं काम केलं."

केलं होतंच. गोंदियाच्या एका दैनिकात हेमेंद्र पटले वार्ताहर होता आणि अल्का छायाचित्रकार. अर्जुनी मोरगावकडे कोहमाटोला नावाचं ढिवरांचं गाव. तिथल्या तलावावरची मासेमारी बंद करून कुणा कंपनीचं रिसॉर्ट आणायचं घाटत होतं. ही बातमी हेमेंद्रने खणून काढली आणि मालकाने ती दाबली. त्याच संध्याकाळी त्याने राजीनामा दिला. "छापत नाहीत ना? मग आपण सिनेमा काढू," तो म्हणाला, आणि अल्काही नोकरी सोडून त्याच्यामागे निघाली.

माहितीपटाला दोन पावसाळे लागले. हेमेंद्र दिसला की बाया पदर पुढे ओढून गप्प व्हायच्या. बोलतं केलं ते अल्काने. त्यांच्यातल्या पार्वताबाईच्या चुलीपाशी बसून तिने झिंग्यांची चटणी खाल्ली, तिच्या डोंग्यात, त्या लहानशा होडीत, बसून चित्रण केलं. कॅमेरा पहिल्यांदा लावला तेव्हा पार्वताबाईने विचारलं होतं, "आमचं बोलनं वाकडं तं नाई करनार ना, बाई?"

"नाही करणार. माझा शब्द."

माहितीपट गाजला. दिल्लीत बक्षीस मिळालं, मग मुंबईच्या एका वाहिनीचं बोलावणं आलं. पडद्यावर हेमेंद्रच्या नावाखाली 'पाणी आणि जंगलाचे अभ्यासक' असं येऊ लागलं. तो मुंबईला गेला, अल्काने स्टुडिओ टाकला. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. आपल्यातला एक जण तिथवर पोचला, एवढं तिला पुरेसं होतं.

त्या दिवशी चर्चा नेमकी कोहमाटोल्यावर होती. निवेदिकेने विचारलं, "गावाचा विरोध आहे म्हणतात?"

"विरोध दोन-चार पुढाऱ्यांचा," हेमेंद्र म्हणाला. "साध्या बाईला काय वाटतं ते ऐका."

आणि पडद्यावर पार्वताबाई आली. डोंग्यात उभी, हसत. "नेऊन टाका बापा तलाव! आमाले कुडव्यात घर द्या. नळाचं पानी पेऊ, फटफटीवर फिरू!"

अल्का पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिली. माहितीपटाच्या चित्रणाच्या दिवशी थट्टा करता करता पार्वताबाई एकदम थांबली होती, पाण्याकडे पाहून म्हणाली होती, "पन मंग सकाळी उठल्यावर मी कोन आहो, हे मले कोन सांगल?" ते वाक्य आलंच नाही. पडद्यावर पुन्हा हेमेंद्र आला.

तिने लगेच फोन लावला. "भाऊ, पुढचं कुठं गेलं?"

"अल्का, चॅनेलवर वेळ कुठे असतो?"

"पुढचंच तर खरं होतं! आधीची थट्टा होती."

"हे बघ, प्रकल्प येणारच आहे. बाहेरून बोंबलण्यापेक्षा आत राहून लोकांसाठी काही मिळवता येईल. मला सल्लागार समितीवर घेतलंय."

अल्काने फोन ठेवला. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाचा फोटो तिने काढला, तो हललेला आला.

ती कोहमाटोल्याला पोचायच्या आत तो तुकडा गावातल्या सगळ्या फोनवर पोचला होता. पार्वताबाईच्या डोंग्यात कोणी बसत नव्हतं. तिचा दीर चैतराम चौकात सगळ्यांदेखत तिला म्हणाला होता, "काऊन वो वयनी, कुडव्याचं घर भेटलं का?" पार्वताबाई दारात जाळं विणत होती. तिने अल्काला ये म्हटलं नाही, बस म्हटलं नाही.

"तुमी शब्द देल्ला होता," एवढंच म्हणाली.

पुढच्या आठवड्यात गोंदियात हेमेंद्रचा सत्कार होता. भूमिपुत्र म्हणून शाल, नारळ, भाषणं. अल्का मागच्या रांगेतून उठली. "पार्वताबाईंचं अर्धं वाक्य का कापलं, ते सांगा."

सभागृह वळून तिच्याकडे पाहू लागलं. हेमेंद्र हसला, अगदी टीव्हीवर हसायचा तसा. "या आमच्या अल्काताई. ते चित्रण यांनीच केलंय हो! बाईने काय म्हटलं, यांनाच विचारा."

लोक हसले. कोणी टाळ्याही वाजवल्या. वाक्य कापलं तेव्हा तिला राग आला होता. आता मात्र ती सरळ दाराकडे निघाली. या माणसासाठी तिने नोकरी सोडली होती, आणि त्याने सगळा दोष भर सभेत तिच्या पदरात टाकला होता.

मूळ चित्रण तिच्याकडे होतं. कोहमाटोल्याच्या मच्छीमार सोसायटीच्या ओसरीत तिने ते सगळ्या गावासमोर लॅपटॉपवर सुरुवातीपासून लावलं. थट्टा आली, हसणं आलं, मग ते शेवटचं वाक्य आलं. चैतराम मान खाली घालून वहिनीपाशी गेला. "चुकलं वो माह्यं," म्हणाला.

अल्काला वाटलं, आता पार्वताबाई आपल्याशी बोलेल. ती बोललीही. "दाखवलं, बरं केलं. तुमी येत जा बाई, जेवत जा. पन हा कॅमेरा नोका आनू. तुमी वाकडं नाई केलं, पन ज्यानं केलं त्याले तुमीच आनलं होतं."

अल्काने लॅपटॉप मिटला.

रिसॉर्टसाठी मोजणीवाले आले त्या दिवशी बाया तलावाच्या पाळीवर, त्या बांधावर, वाट अडवून उभ्या राहिल्या. अल्काही त्यांच्यात उभी होती, हात रिकामे. वाहिनीची गाडी आली, वार्ताहर पोरीने माईक पुढे केला. एकही बाई बोलली नाही. पार्वताबाईने तर पाठच फिरवली. मोजणीवाले त्या दिवशी परत गेले.

दुसऱ्या दुपारी हेमेंद्र पडद्यावर गंभीर चेहऱ्याने सांगत होता, "मी तिथे राहिलोय, त्या लोकांना मी ओळखतो. विरोध असता तर त्या बायका बोलल्या नसत्या का?"

अल्काने टीव्ही बंद केला. गिऱ्हाईक म्हणालं, "काऊन बंद केलं ताई? तुमचेच भाऊ तं होते."

"माझे कोणी नाहीत," अल्का म्हणाली. "मान सरळ ठेवा."