वरच्या खोलीचा पाइप

भिंतीतून बाहेर आलेल्या पाइपच्या तोंडातला कापडाचा बोळा त्याने ओढून काढला, तशी आतली धूळ भसकन डोळ्यांत गेली. खाली शिडी धरून उभ्या असलेल्या बायकोने न सांगता पदराचं टोक वर केलं. हात तिथवर पोहोचत नाही हे ध्यानात आल्यावर खाली घेतलं.

पाइप चांगला मनगटाएवढा होता. घर बांधताना त्यानेच घातलेला. पोराला वरच्या खोलीत लेथ मशीन बसवायचं होतं, त्याला जाड वायरी लागणार. जन्मभर लोकांच्या घरांत वायरिंग केलेल्या बापाने स्वतःच्या घरात हात आखडता घेतला नव्हता. पुढे एका दुपारी शब्दाने शब्द वाढला आणि पोरगा चपला अडकवून निघाला, तो गेलाच. पोलीस झाले, नातेवाईक झाले, स्टेशनं पालथी घालून झाली. चार वर्षांत माग म्हणून लागला नाही.

आता त्या खोलीत एक नर्स भाड्याने राहायला येणार होती. तिला एक दिवा आणि एक पंखा पुरे. त्यासाठी बोटाएवढा पाइपही पुष्कळ. जाड पाइपला बारीक जोडायचा तर मध्ये रिड्यूसर हवा, एका तोंडाने रुंद, दुसऱ्याने अरुंद. एकाने एवढा फरक भागेना, म्हणून त्याने एकापुढे एक दोन बसवले.

"पुढेमागे जाड वायर न्यायची झाली तर?" बायकोने खालून विचारलं.

"हे काढायचं, की झालं. जुना पाइप कुठे जातोय?"

त्याची स्वतःची आशा केव्हाच सुटली होती, पण ते तिच्यासमोर बोलायची छाती नव्हती. म्हणून त्याने सांधे न चिकटवता कोरडेच ठेवले. हाताखालच्या माणसाने असं काम केलं असतं तर त्याला फैलावर घेतलं असतं.

तो खाली उतरला, हत्यारं गोळा करू लागला. तिने शिडी सोडली नाही.

"चिकटवलं नाहीत."

"घट्ट बसलंय."

तिने वाकून त्याच्या पिशवीतून सोल्युशनचा डबा काढला, झाकण उघडलं आणि त्याच्यापुढे धरला.

"लावून टाका. मुंग्या शिरतील."

"मग ते निघायचं नाही."

"माहीत आहे मला."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती डब्याकडे पाहत होती.

तो पुन्हा चढला. एकेक सांधा सोडवून बोटाने सोल्युशन फिरवलं, पाइप आत दाबला आणि मुठीत धरून ठेवला. ते क्षणात धरतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तरी बराच वेळ त्याला हात काढता आला नाही, आणि खाली तीही शिडी सोडीना.