पेवातलं पिंप

बन्सीधर हैद्राबादच्या सोड्याच्या कारखान्यात राबला आणि पोलीस ॲक्शननंतर वालूरला परतला, तेव्हा त्याच्या सामानात अंगठ्याएवढा एक दगड होता, बारीक भोकांनी भरलेला. गॅसच्या नळीच्या टोकाला तो दगड बसवायचा, लिंबू-आल्याच्या सरबताच्या पिंपात सोडायचा आणि झाकण आवळायचं. दगडातून गॅस मोहरीहून बारीक बुडबुड्यांनी निघे आणि सरबतात मुरे. लग्नसराईत त्याच्या पिंपाला लांबून मागणी येऊ लागली.

सरबत गार असलं तरच गॅस धरतं. म्हणून घरामागच्या, जमिनीत खोदलेल्या रिकाम्या पेवात, जिथं पूर्वी ज्वारी साठवायचे, तो पिंप उतरवी. गॅसची टाकी वर, नळी खाली.

त्या वैशाखात झाकणाचं रबर झिजलं होतं, गॅस सुटायचा. नवं रबर आणायला तो सकाळीच सेलूला निघाला. तोवर सरबत मिळमिळीत होऊ नये म्हणून त्यानं टाकीची चावी थोडी उघडीच ठेवली. हा गॅस हवेहून जड, खाली साचतो, माणूस मारतो, असं कारखान्यातल्या मिस्त्रीनं बजावलं होतं. ते त्याला आठवलंही. "दुपारपातूर काय व्हतंय," म्हणत तो गेला.

परत आला तेव्हा पेवाभोवती माणसं जमली होती. लग्नघरची मंडळी पिंप न्यायला लवकर आली, म्हणून त्याचा धाकटा भाऊ माणिकराव पिंपाला दोर बांधायला खाली उतरला होता आणि उतरताच कोसळला होता. शेजारचा मेंढपाळ रायभान, ज्याला दोघं भाऊ मामा म्हणत, कमरेला दोर बांधून, श्वास कोंडून आत गेला होता. त्यानं माणिकला बांधून वर धाडलं, मग लोकांनी त्यालाही ओढून काढलं होतं.

माणिक अंगणात पडला होता, ओठ निळे. बन्सीधरची बायको कमलबाई त्याच्या तोंडावर पाणी मारत होती. बन्सीधर आधी टाकीकडं गेला, कुणाचं लक्ष नाही असं पाहून त्यानं चावी बंद केली. मग भावाजवळ येऊन बसला.

"पेवाचं तोंड कुणी झाकलं व्हतं?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"म्या," रायभान म्हणाला. "सकाळी शेरडं पडतील म्हणून फरशी सारली."

"मंग हवा कोंडली की रं! पेव असं झाकून ठिवत्यात व्हय?"

बन्सीधर खाली मान घालून भावाचे तळपाय चोळू लागला.

माणिक शुद्धीवर आला, पण दोन दिवस माणसं ओळखेना. डोकं धरून बसे. गावात रायभानचंच नाव निघत होतं. त्याची बायको बानूबाई आडावर आली की बाया बोलायच्या थांबत. बन्सीधरला जेवण जाईना. कमलबाईला वाटे, भावाची काळजी. ती समजूत घाली आणि त्याला आणखी मेल्यासारखं होई.

मग एका सकाळी रायभान दारात आला. हातात दाव्याला धरलेली दुभती शेळी.

"बन्सी, माणिकला दूध व्हईल. माज्या हातून झालं, राग धरू नगंस बाबा."

ज्यानं जीव धोक्यात घालून भावाला काढलं, तो हात जोडून उभा होता.

"मामा, शेळी न्या. तुमी काय बी केलं न्हाई. चावी म्या उघडी ठिवली व्हती. गॅस साचतो, मला ठावं व्हतं."

कमलबाई चुलीपुढून उठून दारात आली. ओसरीवर माणिकही ऐकत होता.

रायभानचे जोडलेले हात खाली आले. "माजी बायको आडावर जाईना झालीया," तो म्हणाला. "आन् तू हितं बसून आयकायलास."

"चुकलं मामा."

"मला सांगून काय? चावडीवर सांग."

शेळी घेऊन तो निघून गेला.

बन्सीधर त्याच दिवशी चावडीवर गेला आणि सगळ्यांसमोर बोलला. काही हसले, काहींनी शिव्या घातल्या. बानूबाई पुन्हा आडावर येऊ लागली. माणिक पावसाळ्यापर्यंत सुधारला, तरी उन्हात त्याला भोवळ येई, नांगर धरवेना. भावाला लागेल असा एक शब्दही तो बोलला नाही. तेच बन्सीधरला जास्त जड गेलं.

पेव त्यानं मुरूम टाकून बुजवलं. पिंप आता उघड्या छपरात, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवी; सरबत पहिल्यासारखं फसफसत नसे. माणिकच्या वाटचं शेत तोच नांगरू लागला. बांधावरून शेरडं घेऊन जाताना रायभान दिसला की बन्सीधर औत थांबवून रामराम घाली. रायभान मान हलवी, पण थांबत नसे.